दाताआधी हाड

प्रस्तावना

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या कामातून उजेडात आलेली ती वस्ती ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची होती. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली. ही माणसे आपले मृत घरांच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून त्यांत ठेवत, मोठ्यांचे पाय घोट्यापाशी तोडत. अशी दोनशेहून अधिक दफने सापडली. त्यांतल्या हाडांचा, विशेषतः दातांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला आणि तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

दातांवरच्या पुस्तकात इनामगाव कशाला, असे वाचकाला वाटेल. कारण असे की, तीन हजार वर्षांपूर्वीच्या जबड्यात एखादा दात नसेल, तर तो त्या माणसाच्या हयातीत पडला की मातीत गेल्यावर निखळला, हे अभ्यासक ओळखू शकतात. मृत्यूनंतर निखळला असेल तर दाताची खोबण उघडी आणि तिच्या कडा धारदार राहतात. हयातीत पडला असेल तर खोबण हाडाने भरून आलेली असते आणि तिथली कड खाली बसून गुळगुळीत झालेली दिसते. म्हणजे दात गेला की त्याला धरून ठेवणारे हाडही हळूहळू जाते, आणि ते इतक्या नेमाने जाते की त्याचा पुरावा म्हणून उपयोग करता येतो.

या पुस्तकाचा सगळा डोलारा याच निरीक्षणावर उभा आहे. पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवणे हा लोकांना दाताचा उपचार वाटतो. मला तो हाडाचा उपचार वाटतो. वरून दिसणारा दात, म्हणजे कॅप, लॅबमध्ये तयार होते. मोडली तर दुसरी करता येते. आतला स्क्रू कारखान्यातून निर्जंतुक डबीत येतो. या दोन्ही वस्तू विकत मिळतात. विकत मिळत नाही ते रुग्णाच्या जबड्यातले हाड, आणि त्या हाडाने धातूला धरून ठेवण्याची क्रिया. उपचाराचा खर्च, कालावधी, यश-अपयश आणि ‘तुम्हाला नको’ असे सांगण्याची वेळ, हे सगळे त्या हाडावरून ठरते. तरीही चौकशीला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो दाताचा रंग आणि किंमत यांबद्दल.

जबड्याच्या हाडाचा जो भाग दातांना कवेत घेतो, तो दातांबरोबर येतो आणि त्यांच्याबरोबरच जातो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये अत्यंत पातळ तंतूंचा थर असतो. आपण घास चावतो तेव्हा त्या तंतूंमार्फत हाडाला ताण पोहोचतो आणि हाड टिकून राहते. दाढ काढली की ताण थांबतो. पहिल्या वर्षात त्या जागची कड रुंदीला जवळजवळ निम्मी होते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षांपर्यंत पाठपुरावा करून टालग्रेन या संशोधिकेने १९७२ मध्ये दाखवून दिले की ही झीज वर्षानुवर्षे चालूच राहते, आणि खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो. खालची कवळी का हलते, आजोबा ती डबीत का ठेवून देतात आणि लग्नकार्यालाच का घालतात, याचे उत्तर या चौपटीत आहे. वरच्या कवळीला टाळूचा विस्तृत आधार मिळतो. खालच्या कवळीला मिळते ती नालेसारखी अरुंद कड, आणि मधे सतत वळवळणारी जीभ.

याचा परिणाम ताटावर दिसतो. पूर्ण कवळी असलेल्या माणसाच्या चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या मानाने चौथाईच्या आसपास उरतो. मग कडक भाकरी सुटते, भाजलेले शेंगदाणे कुटात जातात, पेरू आणि काकडी बंद होते, मोड आलेली कडधान्ये टाळली जातात. राहतो मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी, खिमट आणि चहात बुडवलेले बिस्कीट. घरात मधुमेह असेल तर हा आहार दुहेरी नुकसान करतो: चोथा आणि प्रथिने कमी होतात, पिष्टमय पदार्थ वाढतात. चार माणसांत जेवायला बसायचे टाळणारे ज्येष्ठ मी खूप पाहिले आहेत. घरचे म्हणतात, ‘त्यांना हल्ली भूक नसते.’ भूक असते; चावता येत नाही.

दात मुळात एवढे जातात का, हेही पाहायला हवे. आपल्याकडे दाढ दुखली की ती काढून टाकण्याकडे कल होता, आणि वरची दाढ असेल तर ती काढायची भीती. ‘वरची दाढ काढली की डोळ्यावर परिणाम होतो’ हे वाक्य पुण्याच्या पेठांत आणि वाड्या-वस्त्यांवर आजही ऐकू येते. ही निव्वळ ऐकीव भीती नाही. तिची मुळे फार जुनी आहेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मुखरोगांच्या प्रकरणात असा इशारा आहे की घट्ट असलेला वरचा दात समूळ उपटला तर अतिरक्तस्राव होऊन एक डोळा जाण्याचा किंवा तोंड वाकडे होण्याचा धोका असतो, म्हणून हलणारा असला तरी वरचा दात वैद्याने काढू नये. भूल, जंतुनाशके आणि प्रतिजैविके नसलेल्या काळात हा सल्ला शहाणपणाचा होता. वरच्या दाढांचा जंतुसंसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरू शकतो, आणि तेव्हा त्यावर इलाज नव्हता. आज डोळ्याचा मज्जातंतू आणि दाढेचा मज्जातंतू वेगळे आहेत हे आपल्याला माहीत आहे आणि संसर्गावर औषधेही आहेत. भीती मात्र राहिली, आणि तिने एक विचित्र काम केले: वरची सडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात ठेवली जाते आणि तिच्या मुळाशी पू साठून नेमके तेच हाड खाल्ले जाते, जे पुढे इम्प्लांटला हवे असते.

दुसरे कारण तंबाखूचे. मळलेली तंबाखू पुरुषांच्या गालात असते, तर भाजून पूड केलेली मशेरी बायकांच्या हिरड्यांवर. सकाळी मशेरी लावल्याशिवाय कामाला हात न लावणाऱ्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या, आणि पुण्याच्या वस्त्यांत आजही आहेत. मशेरी लावणाऱ्या बाईला आपण दात घासतो आहोत असे वाटते. हिरड्या मागे सरतात, दात लांब दिसू लागतात, हलतात, एक दिवस हाताने निघतात. राज्य सरकारने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी मशेरी घराघरांत तव्यावर भाजली जातच राहिली. ज्या बाईचे दात असे गेले, तिच्या जबड्यात हाड शिल्लक असण्याची शक्यता कमी असते. आणि तंबाखू चालू असताना इम्प्लांट टिकण्याची शक्यता त्याहून कमी.

रिकाम्या जागेत काहीतरी रोवण्याची कल्पना मात्र आपल्या पिढीची नाही. होंडुरासमध्ये १९३१ साली सापडलेल्या, साधारण इसवी सन ६०० च्या सुमाराच्या माया संस्कृतीतल्या एका खालच्या जबड्यात पटाशीच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे कोरलेले तुकडे बसवलेले आहेत. पुढे १९७० मध्ये त्याची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा तुकड्यांभोवती नवे हाड तयार झाल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे ते जिवंत माणसाच्या तोंडात बसवले गेले होते. विसाव्या शतकात सोने, प्लॅटिनम, कोबाल्ट-क्रोमियमचे मिश्रधातू, पात्यांच्या आकाराचे इम्प्लांट असे अनेक प्रयोग झाले. बहुतेकांभोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय आवरण तयार व्हायचे, इम्प्लांट हलू लागायचा आणि जाताना आपल्याबरोबर हाडही न्यायचा.

हे चित्र बदलले ते दातांशी संबंध नसलेल्या एका प्रयोगातून. स्वीडनमधल्या लुंड इथे १९५२ मध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक जिवंत हाडातला रक्तप्रवाह कसा चालतो ते पाहत होते. सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची, भिंग लावलेली छोटी नळी बसवली होती. निरीक्षण संपल्यावर महागडी नळी काढून पुन्हा वापरायची होती. ती निघेना. हाडाने धातूला इतके घट्ट धरले होते की एकाला दुखावल्याशिवाय दुसरे सुटत नव्हते. ही गोष्ट दातांच्या कामी येईल हे ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आले, पण माणसावर प्रयोग करण्याआधी त्यांनी जवळजवळ तेरा वर्षे थांबून प्राण्यांवर अभ्यास केला. १९६५ मध्ये गोटेनबर्ग इथे गोस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियम स्क्रू बसवले गेले. लार्सन यांना जबड्याचे जन्मजात व्यंग होते. २००६ मध्ये ते वारले तेव्हाही ते इम्प्लांट काम करत होते. चाळीस वर्षांहून अधिक काळ. स्वीडनमधल्याच दंतवैद्यकाच्या प्राध्यापकांनी ब्रोनेमार्क यांना कडवा विरोध केला होता. १९८२ मध्ये टोरंटोच्या परिषदेत पंधरा वर्षांच्या नोंदी जगासमोर मांडल्या गेल्या, तेव्हा कुठे हा उपचार विद्यापीठांनी स्वीकारला. ज्या उपचाराच्या जनकाने एवढा संयम दाखवला, त्याची आज ‘एका दिवसात नवे दात’ अशी पाटी लागते.

हाड धातूला धरते म्हणजे काय होते? टायटॅनियमला हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. शरीराला सामोरा जातो तो हा थर, धातू नव्हे. आणि शरीर त्याला परका मानत नाही. जबड्यात साधारण तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचा स्क्रू फिरवून बसवला की सुरुवातीला तो भिंतीतल्या रावळप्लगसारखा केवळ घट्ट बसल्यामुळे टिकतो. पुढच्या आठवड्यांत ही पकड उलट कमी होते, कारण छिद्राभोवतीचे दुखावलेले हाड शरीर काढून टाकत असते. त्याच वेळी नवे हाड स्क्रूच्या खडबडीत पृष्ठभागावर चढू लागते. जुनी पकड सुटते आहे आणि नवी अजून यायची आहे, असा हा मधला काळ सर्वांत नाजूक. या दिवसांत स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याहून जास्त हलला, तर हाडाऐवजी तंतू तयार होतात आणि सगळे मुसळ केरात. पूर्वी म्हणूनच खालच्या जबड्यात तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबत. आता पृष्ठभागावर केलेल्या प्रक्रियांमुळे चांगल्या हाडात सहा ते आठ आठवडे पुरतात.

छिद्र पाडतानाची उष्णता हा दुसरा मुद्दा. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिले तरी तिथल्या हाडाला इजा होते, हे एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये दाखवले. म्हणून ड्रिल हळू फिरवायचे, सलाइनचा मारा चालू ठेवायचा, छिद्र टप्प्याटप्प्याने मोठे करायचे. घाई इथे अक्षरशः जाळते. रुग्णाला काही कळत नाही, कारण भूल दिलेली असते. परिणाम दोन महिन्यांनी कळतो, स्क्रू हातात येतो तेव्हा.

एका दिवसात दात मिळतच नाहीत असे नाही. हाड दाट असेल, स्क्रू बसवताना पुरेशी पकड मिळाली असेल आणि चार-सहा इम्प्लांट एकाच पट्टीने जोडून ताण वाटून देता येत असेल, तर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत तात्पुरते दात लावता येतात. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा उभारण्याची पद्धत रूढ केली ती याच तत्त्वावर. फरक एवढाच की, ही सवलत हाड देते, जाहिरात नाही. आणि ते दात तात्पुरते असतात, त्यांवर काही महिने मऊच खायचे असते. पाटीवर हे दुसरे वाक्य नसते.

पुण्यात या घाईला आणखी एक कारण आहे. कोथरूड, औंध, सहकारनगर या भागांतल्या कितीतरी घरांतली मुले अमेरिकेत किंवा युरोपात आहेत. ती डिसेंबरमध्ये दोन-तीन आठवड्यांसाठी येतात आणि आई-बाबांच्या दातांचे ‘एकदाचे करून टाकू’ म्हणतात. तिकडे एका इम्प्लांटला हजारो डॉलर पडतात हे पाहून स्वतःचेही इथेच करावे असे त्यांना वाटते. भावना चांगली, हिशेबही बरोबर. पण हाडाला विमानाचे परतीचे तिकीट समजत नाही. अशा कुटुंबांसाठी या पुस्तकात वेगळे प्रकरण आहे. स्क्रू एका भेटीत आणि कॅप पुढच्या भेटीत, मधल्या काळात देखरेख कोणाची, कागदपत्रे आणि इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर कोणाकडे, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. स्टिकरला मी फार महत्त्व देतो. त्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. दहा वर्षांनी न्यू जर्सीत किंवा नाशकात कॅप सैल झाली, तर कोणत्या मापाचा स्क्रू-ड्रायव्हर लागेल हे तो कागद सांगतो. तो नसेल तर चांगला इम्प्लांटही दुरुस्त करणे अवघड होते.

खर्चाबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे. पुण्यात एका दातामागे साधारण वीस-पंचवीस हजारांपासून साठ हजारांच्या पुढेही आकडा जातो; कंपनी, कॅपचा प्रकार आणि हाड वाढवावे लागते की नाही यांवर तो ठरतो. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी अपघाताखेरीज दातांचा खर्च देत नाहीत. धनकवडीचे १९८९ पासूनचे भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय, कॅम्पातले रंगूनवाला, वडगावचे सिंहगड, पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील अशी दंत महाविद्यालये या परिसरात आहेत. महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात; खर्च साधारणपणे कमी असतो, वेळ जास्त लागतो. ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैसा बेताचा आहे, त्याने हा रस्ता जरूर पाहावा. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: आपल्याकडे मान्यताप्राप्त पदव्युत्तर शाखांत इम्प्लांटॉलॉजी अशी वेगळी शाखा नाही. कृत्रिम दंतशास्त्र, हिरड्यांचे शास्त्र आणि मुखशल्यचिकित्सा या शाखांत ते शिकवले जाते. नोंदणी असलेला कोणताही दंतवैद्य ते करू शकतो. त्यामुळे पाटीवरच्या बिरुदापेक्षा, ‘तुम्ही अशा किती केसेस केल्यात, आणि बिघडल्या त्यांचे काय केलेत?’ हा प्रश्न अधिक कामाचा.

कोणाला थांबायला सांगावे, हे या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण आहे. मधुमेह असला की इम्प्लांट नाहीच, हा समज चुकीचा. साखर आटोक्यात असेल तर होतो. ती बेलगाम असेल तर जखम भरत नाही आणि हाडही नीट धरत नाही, म्हणून गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी आधी हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करू नयेत. हृदयरोगतज्ज्ञाशी बोलूनच ठरवावे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्या साठीपुढच्या स्त्रिया पुण्यात पुष्कळ आहेत. या बिस्फॉस्फोनेट गटातल्या औषधांमुळे, विशेषतः कर्करोगासाठी दिलेल्या मोठ्या मात्रांमुळे, दात काढल्यावर जबड्याचे हाड मृत होऊन उघडे पडू शकते, हे २००३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहे. ठिसूळपणासाठीच्या नेहमीच्या मात्रेत धोका थोडा असतो, पण दंतवैद्याला तो आधी कळायलाच हवा. रुग्ण सांगत नाहीत, कारण ती गोळी हाडांच्या डॉक्टरांची, दाताच्या डॉक्टरांशी तिचा काय संबंध असे त्यांना वाटते. जबडा हे हाडच आहे, याची आठवण इथेही द्यावी लागते.

इम्प्लांट नको असेल किंवा होत नसेल तर काय? शेजारचे दोन दात घासून केलेला ब्रिज आजही चांगला उपाय आहे, विशेषतः त्या दातांना आधीच कॅप लागणार असेल तर. एखाद-दुसरी शेवटची दाढ नसल्याने बिघडत नाही असेही पुष्कळदा असते. नेदरलँड्समधल्या कायझर यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले की पुढचे दात आणि काही उपदाढा शाबूत असतील तर बहुतेक प्रौढांचे ठीक चालते. जपानने १९८९ पासून ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ अशी मोहीम चालवली, तीही बत्तिशीचा हट्ट न धरता. आणि ज्यांचे सगळेच दात गेले आहेत, त्यांच्यासाठी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने म्हटले की खालच्या जबड्यात समोर दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी ही पहिली पसंती असावी. पूर्ण जबड्याच्या फिक्स दातांच्या मानाने तिचा खर्च कितीतरी कमी. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला याहून उपयोगी माहिती मी देऊ शकत नाही. पण ‘फिक्स दातच हवेत’ म्हणून आलेल्या माणसाला ती सांगितली की चेहरा पडतो, आणि फायदा कमी असल्याने सांगणाऱ्याचाही उत्साह बेताचाच असतो.

या उपचाराची खरी ताकद जिथे दिसली, त्या रुग्णांचा उल्लेख केल्याशिवाय प्रस्तावना पुरी होणार नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडची औषधे यांच्या संगतीने ही बुरशी नाकाच्या पोकळ्यांतून वरच्या जबड्यात शिरायची. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावभर फिरत होते ते दिवस पुणेकर विसरलेले नाहीत. जीव वाचवण्यासाठी अनेकांचा वरचा जबडा दातांसकट काढावा लागला. तोंड आणि नाक यांतला पडदाच नाहीसा झाल्यावर पाणी नाकातून येते, बोलणे कळत नाही. कवळी टेकवायला जागाच उरत नाही. अशा रुग्णांसाठी गालाच्या हाडात तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे इम्प्लांट बसवून त्यांवर टाळू आणि दात उभे करता येतात. ही पद्धतही ब्रोनेमार्क यांनीच जबडा गमावलेल्या रुग्णांसाठी विकसित केली होती. तंबाखूच्या कर्करोगात खालचा जबडा काढावा लागलेल्यांना पायातल्या हाडाचा तुकडा रक्तवाहिन्यांसह आणून लावतात आणि त्यात इम्प्लांट रोवतात. या माणसांना हसरे दात नको असतात. त्यांना पाणी पिता यावे आणि फोनवर आपले नाव सांगता यावे एवढेच हवे असते. त्यांची प्रकरणे पुस्तकात मुद्दाम विस्ताराने दिली आहेत.

आता टिकण्याविषयी. नीट निवडलेल्या रुग्णांत दहा वर्षांनी शंभरांतले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. पण जागेवर असणे आणि निरोगी असणे वेगळे. इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून तो घासायला नको असे काहींना वाटते. त्याच्याभोवतीच्या हिरडीला आजार मात्र होतो, आणि तो नैसर्गिक दातापेक्षा जास्त मुकाट्याने हाड खात जातो. खऱ्या दाताभोवतीचे तंतू खडा लागला की लगेच खबर देतात. इम्प्लांटला ते तंतूच नसल्याने त्याला ना धक्का सोसण्याची सोय, ना दुखण्याची. ‘आयुष्यभराची गॅरंटी’ कंपनी देते ती धातूच्या स्क्रूची. दर सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा एक्स-रे आणि रोज रात्री दातांच्या फटींत फिरवलेला बारीक ब्रश, ही रुग्णाने द्यायची गॅरंटी आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. पहिला भाग स्वतःचा दात वाचवण्यावर आहे: रूट कॅनाल, हिरड्यांचे उपचार, मशेरी सोडवणे, आणि दात काढावाच लागला तर खोबणीतले हाड जपून कसा काढावा. इम्प्लांटवरच्या पुस्तकात हा भाग सर्वांत आधी, आणि सर्वांत लांब, असावा यावर मी अडून बसलो. दुसऱ्या भागात हाडाची तपासणी येते. त्रिमितीय सीबीसीटी स्कॅनमध्ये खालच्या जबड्यातल्या मज्जातंतूची नळी आणि वरच्या जबड्यातली सायनसची पोकळी कशी ओळखायची, हे सामान्य वाचकाला कळेल अशा आकृत्यांसह दिले आहे. खालच्या मज्जातंतूपासून दोन मिलिमीटर अंतर राखले नाही तर ओठ कायमचा बधिर होऊ शकतो; आपला अहवाल आपल्याला वाचता आला तर हा प्रश्न खुर्चीत बसण्याआधीच विचारता येतो. तिसरा भाग शस्त्रक्रियेचा, चौथा कॅप आणि देखभालीचा. शेवटी प्रश्नावली आहे: हाडाची रुंदी किती, इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, सांगितलेल्या रकमेत कॅप आणि हाड वाढवण्याचा खर्च धरला आहे का, स्क्रू सुटला तर पुढे काय, आणि मी हे केलेच नाही तर काय होईल.

शेवटचा प्रश्न आधी विचारा असे मी सुचवेन. त्याचे सरळ उत्तर देणारा दंतवैद्य बाकीच्या प्रश्नांचीही सरळ उत्तरे देतो. प्रश्नावली फाडून सोबत न्यावी म्हणूनच ती वेगळ्या पानांवर छापली आहे. ती पाहून एखादा डॉक्टर वैतागला, तर वाद घालू नये. पुण्यात दुसरा दवाखाना पुढच्याच चौकात असतो, आणि दात बसवायला दोन आठवडे उशीर झाल्याने हाडाचे काही बिघडत नाही. चुकीच्या हाडात बसवल्याने मात्र बिघडते.